प्रश्नालाही वाट हवी

विद्येसाठी माणसाने वाट तुडवावी, ही आपल्या या भूमीची जुनी रीत आहे. बाराव्या शतकात कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, महात्मा बसवेश्वरांच्या भोवती जे शरण जमले, ते दूरदूरच्या प्रांतांतून आले होते असे परंपरा सांगते. पुढे १४७२ साली बीदर येथे बहामनी वजीर महमूद गावान याने आपला प्रसिद्ध मदरसा उभारला. हा वजीर मूळचा इराणातील गीलान प्रांताचा. त्याने परदेशांतूनही विद्वान येथे आणविले. रंगीत फरशांचे अवशेष अंगावर मिरविणारी ती भव्य इमारत सहलीच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्या काळी गुरूने शिष्याकडे यावे किंवा शिष्याने गुरूकडे जावे, एवढे दोनच मार्ग होते. तिसरा मार्ग कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

आज तो तिसरा मार्ग उघडला आहे. गुरू आपल्या गावी, शिष्य आपल्या गावी, आणि तरीही दोघे समोरासमोर बसून बोलत आहेत, असे आता घडू शकते. इंग्रजी भाषेने त्यास व्हिडिओ कॉन्फरन्सिंग असे नाव दिले. आपली वर्तमानपत्रे त्यास दूरदृश्यप्रणाली म्हणतात. जिल्ह्याचे अधिकारी राजधानीतील वरिष्ठांशी याच साधनाने सल्लामसलत करतात. खेड्यातील आजी पुण्यास राहणाऱ्या नातवाचे मुख मोबाइलच्या काचेत पाहून त्याच्याशी बोलते, तेही याच साधनाचे लहान रूप होय. यास्तव हे साधन आपणांस नवे नाही. त्याने एका प्रदेशातील शाळा आणि शिक्षक एकमेकांशी जोडावेत काय, आणि जोडावयाचे तर कोणत्या अटीवर, हा विचार मात्र आपल्या भागात फारसा झालेला नाही. तो करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपली स्थिती पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि जुन्या हैदराबाद राज्याचे तीन भाग पडले. त्या वेळच्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आला. काल एकाच जिल्ह्यात असलेली गावे दुसऱ्या दिवशी दोन राज्यांत विभागली गेली. त्याच वर्षी झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५० अ हे कलम घातले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले. कर्नाटक शासन मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके छापते, दहावीची परीक्षाही मराठीतून घेते. या गोष्टी आपण कृतज्ञतेने नमूद केल्या पाहिजेत.

परंतु पुस्तक हाती आले म्हणजे शाळा पूर्ण झाली असे होत नाही. दुबलगुंडीसारख्या गावाच्या परिसरात मराठी शिकणारी मुले विखुरलेली आहेत. एखाद्या गावी पाच-पन्नास, दुसऱ्या गावी त्याहूनही थोडी. लहान शाळेत एका विषयास बहुधा एकच शिक्षक असतो. गणिताच्या शिक्षकास एखादे प्रमेय अधिक सोपे कसे करावे हे कोणास विचारावेसे वाटले, तर त्याच शाळेत त्या विषयाचा दुसरा जाणकार नसतो. शिक्षकांची प्रशिक्षणे बहुशः कन्नडमधून होतात. तेथे ऐकलेले वर्गात मराठीतून सांगावयाचे, तर पारिभाषिक शब्दांपासून अडचण सुरू होते. महाराष्ट्रातील शिक्षकास अशा वेळी शेजारची शाळा असते. आपल्या शिक्षकाची शेजारची मराठी शाळा कदाचित दुसऱ्या तालुक्यात असते. अंतर हा आपल्या शाळांचा खरा रोग आहे. विद्यार्थी कमी, म्हणून शिक्षक कमी; शिक्षक कमी, म्हणून पालकांचा विश्वास कमी; आणि विश्वास कमी, म्हणून विद्यार्थी आणखी कमी! हे चक्र कोठेतरी थांबविले नाही, तर एक दिवस मराठी शाळेची घंटा वाजविण्यास मुलेच उरणार नाहीत.

दूरदृश्यप्रणाली हे चक्र थांबविण्यास हातभार लावील असे माझे मत आहे. पण तिचा उपयोग ज्या रीतीने आजवर अनेक ठिकाणी झाला, त्या रीतीने केल्यास मात्र ती निरुपयोगी ठरेल, असेही माझे तितकेच निश्चित मत आहे. या म्हणण्यास इतिहासाचा आधार आहे, आणि तो इतिहास आपल्या अगदी दाराशी घडलेला आहे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने 'साइट' या नावाचा एक मोठा प्रयोग केला. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्यात आली. कर्नाटकात या प्रयोगासाठी जे तीन जिल्हे निवडले गेले, त्यांत विजापूर आणि रायचूर यांच्यासह आपला शेजारचा गुलबर्गा, म्हणजे आजचा कलबुर्गी, जिल्हा होता. गावच्या सार्वजनिक जागी जाळीची सुमारे दहा फूट रुंद तबकडी उभी करीत आणि तिच्या साहाय्याने थेट उपग्रहाकडून चित्र घेत. सकाळी दीड तास शाळांसाठी आणि सायंकाळी अडीच तास सर्व गावकऱ्यांसाठी कार्यक्रम होत. सुट्टीच्या काळात देशभरच्या सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना याच मार्गाने विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण मिळाले. त्या काळाच्या मानाने हे कार्य अद्भुतच म्हटले पाहिजे.

तथापि त्यात दोन उणिवा होत्या. कार्यक्रम हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया या चार भाषांत होते; मराठी त्यांत नव्हती. दुसरी उणीव याहून मोठी होती. चित्र आकाशातून खेड्यात येई, पण खेड्यातून काहीच परत जात नसे. तबकडीसमोर बसलेल्या मुलास पाठ समजला किंवा नाही, हे पाठ तयार करणाऱ्यास त्या क्षणी कळण्याचा मार्ग नव्हता. मूल ऐकत होते. त्याचे कोणी ऐकत नव्हते.

या प्रयोगाच्या जवळजवळ पाव शतक अगोदर ऑस्ट्रेलियात एक वेगळा यत्न झाला होता. त्या देशाच्या मध्यभागी शेकडो मैल पसरलेल्या पशुपालनाच्या वसाहती आहेत. तेथील मुलांना शाळा नव्हती. १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे 'आकाशशाळा' सुरू झाली. दुर्गम भागांत विमानाने वैद्यकीय मदत पोचविणाऱ्या संस्थेची बिनतारी यंत्रे तेथे होतीच. त्यांच्यावरूनच शिक्षिका पाठ देऊ लागल्या. प्रारंभी हे पाठही एकतर्फी होते. लवकरच प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवण्यात आला. त्या थोड्याशा वेळाने केवळ प्रक्षेपण होते त्याची शाळा झाली. साधन आपल्या दूरचित्रवाणीहून कितीतरी साधे होते, चित्र तर नव्हतेच. पण मुलाच्या प्रश्नास वाट होती.

पुढे आपल्या देशाने २० सप्टेंबर २००४ रोजी 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठी असलेला उपग्रह सोडला. कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यातील प्राथमिक शाळा त्यास जोडण्यात आल्या. या योजनेत दोन प्रकारची यंत्रे होती; एक बोलणारे व ऐकणारे, दुसरे फक्त ऐकणारे. महाविद्यालयांना पहिल्या प्रकारचे यंत्र मिळे, प्राथमिक शाळांच्या वाट्यास दुसरे आले. खर्चाचा विचार करता हे स्वाभाविक असेल. तरी ज्याला प्रश्न सर्वांत जास्त पडतात, त्या लहान मुलासच पुन्हा मुके राहावे लागले. २०१० साली त्या उपग्रहाचे कार्य संपले. त्यानंतर २०११ साली मुंबई महानगरपालिकेने आपल्या माध्यमिक शाळा एका केंद्राशी दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशा रीतीने जोडण्यास आरंभ केला, तेव्हा मराठी मुलांच्या प्रश्नासही वाट मिळू लागली.

२०२० सालच्या महामारीची आठवण आपल्या सर्वांस ताजी आहे. शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. 'असर' या पाहणीने त्या वर्षी दाखविले की ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ साली हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी खरी, पण शंभरांतील अडतीस मुले दाराबाहेरच राहिली. कर्नाटक शासनाने 'विद्यागम' योजनेखाली शिक्षकांना गावोगावी पाठवून मंदिराच्या ओवरीत, झाडाखाली लहान गटांना शिकविण्याचा मार्ग काही काळ अवलंबिला. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मराठी मालिका लागे. या सर्व अनुभवाचे सार एका वाक्यात सांगता येईल. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र यंत्र देऊन शाळा भरत नाही. शाळेच्या भिंतीवर एक मोठा पडदा, त्यासमोर एकत्र बसलेली मुले आणि त्यांच्याजवळ उभा असलेला त्यांचा स्वतःचा शिक्षक, ही मांडणी हवी.

हे साधन चालते कसे, हेही विद्यार्थी मित्रांनी समजून घ्यावे. उपग्रह आपल्यापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. आपला शब्द वर जाऊन खाली येईपर्यंत ७२,००० किलोमीटर प्रवास करतो. सेकंदास तीन लक्ष किलोमीटर या वेगाने त्यास सुमारे पाव सेकंद लागतो, उत्तरास पुन्हा तेवढाच; म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांमध्ये अर्धा सेकंद स्तब्धता येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. पाचशे किलोमीटरवरील गावी पोचण्यास त्यास सेकंदाचा चारशेवा भाग पुरतो. 'भारतनेट' योजनेखाली असे तंतू ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचे काम चालू आहे. आता दहा शाळांपैकी प्रत्येकीने इतर प्रत्येकीशी स्वतंत्र तार जोडावयाची म्हटले, तर किती तारा लागतील? गणित करून पाहा, उत्तर ४५ येईल. पण मध्ये एक संगणक ठेवून सर्वांनी आपले चित्र त्याच्याकडे पाठविले आणि त्याने ते सर्वांस वाटले, तर दहाच तारा पुरतात. चित्राचा जो भाग क्षणापूर्वी होता तसाच आहे, तो संगणक पुन्हा पाठवीत नाही. बदललेला भाग तेवढा पाठवितो. त्यामुळे साधारण स्पष्ट चित्रासह तासभराच्या संभाषणास सुमारे एक गिगाबाइट पुरते. आवाजास याच्या कितीतरी पट कमी लागते. म्हणून जोडणी मंद झाली तर चित्र बंद करावे आणि आवाज चालू ठेवावा, हा नियम प्रत्येक शाळेने पाळावा.

याचा विनियोग आपण कसा करावा? माझी पहिली सूचना अशी की, आरंभ विद्यार्थ्यांपासून न करता शिक्षकांपासून करावा. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद या तालुक्यांतील आणि कलबुर्गी जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा, विषयवार, पडद्यावर एकत्र यावे. एका महिन्यात गणिताच्या शिक्षकांनी, दुसऱ्या महिन्यात विज्ञानाच्या. एकाने आपण घेतलेला पाठ सांगावा, इतरांनी त्यावर शंका काढाव्यात. लातूर किंवा उदगीर येथील एखाद्या अनुभवी शिक्षकास निमंत्रण द्यावे. तद्वतच कन्नड शिकविण्याच्या पद्धतीसाठी कलबुर्गीच्या कन्नड शिक्षकासही बोलवावे. आपल्या मुलांना कन्नड उत्तम आलीच पाहिजे. तो त्यांच्या चरितार्थाचा आणि शेजारधर्माचा प्रश्न आहे.

दुसरी सूचना विद्यार्थ्यांसाठी. आठवड्यातून एक तास पुरे. त्या तासाचा अर्धा भाग प्रश्नांसाठी राखून ठेवावा, आणि दर खेपेस एका शाळेने स्वतः काहीतरी सांगावे. आपल्या बीदरच्या पठारावर जांभा खडक आहे. तसाच जांभा रत्नागिरीकडेही आहे. समुद्रसपाटीजवळचा आणि पठारावरचा, दोन्ही जांभे मुलांनी आपापल्या हाती घेऊन एकमेकांस दाखविले, त्यांवर कोणती पिके येतात ते सांगितले, तर भूगोलाचा असा पाठ कोणत्या पुस्तकात मिळेल? बीदरच्या भुयारी जलवाहिनीविषयी, बिदरी कामाविषयी आपली मुले बोलतील आणि कोकणची मुले विचारतील. आपण केवळ घेणारे नाही, देणारेही आहोत, ही जाणीव सीमेवरच्या मुलास येणे फार महत्त्वाचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी याच साधनाने परदेशच्या वर्गांशी संबंध जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. परितेवाडी हे काही महानगर नव्हे.

या विचारावर आक्षेप येतील, आणि ते आलेच पाहिजेत. कोणी म्हणतील, पडदा आला की शिक्षकाची गरज संपेल. आज एक जागा रिकामी राहिली तर उद्या पडदा दाखवून ती कायमचीच रिकामी ठेवतील. ही भीती खोटी नाही. दूर शहरात बसून अनोळखी मुलांस शिकविणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय. मुलाच्या वहीतील चूक पडद्यास दिसत नाही, त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळही दिसत नाही. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरच्या अभियांत्रिकी शिक्षकांचे प्रशिक्षण याच प्रणालीने झाले. तेथे व्याख्यान मुंबईहून होई. परंतु प्रयोग आणि सराव त्या त्या केंद्रावरील जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली होत, आणि त्या शिक्षकास आधी मुंबईस बोलावून तयार केलेले असे. प्रौढ प्राध्यापकांना जर जवळचा मार्गदर्शक लागतो, तर बारा वर्षांच्या मुलास तो किती लागेल! म्हणून पालकांनी आणि शाळा समित्यांनी स्पष्ट सांगितले पाहिजे की, पडदा हा शिक्षकाचा मदतनीस आहे. रिकाम्या जागेवर पडद्याची नेमणूक आम्हांस मान्य नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासक्रमाचा. महाराष्ट्रात १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके चालतात, आपल्याकडे कर्नाटकची. मग एकत्र शिकावे कसे? यास उत्तर सोपे आहे. परीक्षेचा पाठ आपल्याच शिक्षकाने आपल्याच पुस्तकातून घ्यावा. पडद्यावर जे घ्यावयाचे ते दोन्हीकडे समान असते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज सीमा ओलांडल्याने बदलत नाही, आणि निबंध कसा बांधावा हेही बदलत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि विजेचा. पडदा, कॅमेरा, आवाज नीट पकडणारे ध्वनिग्राहक आणि वीज गेल्यावर तासभर चालेल असा विद्युतसंच, एवढी सामग्री लागते. माजी विद्यार्थी आणि गावकरी यांनी मनावर घेतल्यास हे अवघड नाही. मात्र दुरुस्तीसाठी दरवर्षी काही रक्कम बाजूस ठेवली पाहिजे. यंत्र आणण्याचा समारंभ होतो, दुरुस्तीचा होत नाही. म्हणून अनेक शाळांत यंत्रे धूळ खात पडतात.

बीदर-कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरचा लोहमार्ग हुमनाबादवरून जातो. तो पूर्ण होऊन २९ ऑक्टोबर २०१७ रोजी खुला होईपर्यंत या भागाने दोन दशके वाट पाहिली. दहा शाळांचे हे लहानसे जाळे विणण्यास तितकी वाट पाहण्याचे कारण नाही. त्यास रूळ नकोत, पूल नकोत. दहा मुख्याध्यापकांची संमती आणि एका उत्साही शिक्षकाची चिकाटी हवी.

कल्याणच्या अनुभव मंटपाची कथा सांगतात, ती येथे ध्यानी घेण्याजोगी आहे. अक्कमहादेवी तेथे आली तेव्हा अल्लमप्रभूंनी तिला कठीण प्रश्न विचारले. तिने निर्भयपणे उत्तरे दिली आणि मगच ती त्या सभेत मानाने बसली. ज्या भूमीने संवादास एवढे महत्त्व दिले, त्या भूमीतील मुलांनी पडद्यासमोर मुकाट्याने बसून राहावे, हे शोभणारे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, मोठी माणसे यंत्रांची व्यवस्था करतील किंवा करण्यास उशीर लावतील. तोपर्यंत तुमच्या हाती असलेले काम तुम्ही सुरू करा. वहीचे शेवटचे पान राखून ठेवा आणि आठवडाभरात जो प्रश्न तुम्हांस पुस्तकात सुटला नाही, तो त्या पानावर लिहा. ज्या दिवशी पडदा उजळेल आणि पलीकडून कोणी विचारील, "दुबलगुंडीकडून काही प्रश्न आहे काय?", त्या दिवशी आपल्या बाजूस शांतता असता कामा नये.